कच्चा लाल

माझ्या अंगी धीर कधीच नव्हता. भाकरी फुगायच्या आत उलटणारी बाई मी. अमीरबीसारख्या संथ बाईशी माझी गाठ पडायलाच नको होती.

अमीरबी गेवराईची. तेव्हा निजामाचं राज्य होतं. तालुक्यातल्या कचेरीतले, दर्ग्यातले, देशमुखांच्या बैठकीतले गालिचे तीच साफ करायची. आधी तिचा नवरा हे काम करी. खाराच्या कडक पाण्यात गालिचा बुडवायचा आणि दुपारपर्यंत मोकळा व्हायचा. त्या पाण्यानं त्याच्या तळहातांची सालटी निघाली, लोकांच्या गालिच्यांची लोकर सुतळीसारखी झाली आणि गिऱ्हाईक तुटलं. तो गेल्यावर अमीरबीनं खार सोडला. ती रिठा वापरी, तोही आधी कोपऱ्यावर लावून बघूनच. तीस वर्षांत तिच्या हातून एकाही गालिच्याचा रंग गेला नव्हता. हे ती सांगत नसे, लोक सांगत.

चकलांब्याला आमच्या बैठकीत माझ्या हातून समईतलं तेल सांडलं, ते नेमकं सासूबाईंच्या माहेरच्या लाल गालिच्यावर. माझ्या लग्नाला चार महिने झाले होते. सासूबाई ओरडल्या नाहीत. "शुक्रवारी जिल्ह्याचे तालुकदार येनार. डाग दिसला तर तू माहेरी जायचं, आन् परत यायचं न्हाई," एवढंच म्हणाल्या. दिलेला शब्द त्या फिरवत नसत.

बुधवारी अमीरबी आली. गालिच्याच्या मागच्या कोपऱ्यावर तिनं ओलं पांढरं फडकं घातलं, वर वरवंटा ठेवला आणि पान चघळत बसली. मी आतबाहेर करून दमले. तासाभरानं फडकं उचललं तर लालभडक.

"रंग कच्चा हाय, बाजारच्या पुडीचा," ती म्हणाली. "पानी लावायचं न्हाई. रिठा बी न्हाई."

"हैदराबादेचा गालिचा हाय त्यो!" सासूबाई फणकारल्या.

"आसंल, बाईसाब. पन फडकं खोटं कावून बोलंल?"

मग तिनं भिंतीला लावायची पांढरी माती वाळवून चाळली आणि डागावर जाड पसरली. "माती तेल वढून घेती. शुक्रवारपतुर कुनी हात लावू नका," असं बजावून ती गावातल्या नातलगांकडे उतरली.

गुरुवारी मी दहादा माती बाजूला करून पाहिली. डाग फिकटला होता, पण होता. अन्न गोड लागेना. दुपारी घर निजलं तशी मी रिठे कुस्करले आणि चोळायला बसले. तेल गेलं! आणि त्यामागोमाग लाल रंग सुटून गालिच्यावरल्या पांढऱ्या फुलांत पसरला. पुसावं तितका वाढत गेला. शेवटी घाबरून मी पुन्हा वर माती लोटली.

शुक्रवारी सकाळी अमीरबीनं कुंचा फिरवला, तर खाली गुलाबी चिखल. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"हे काय केलंस?" सासूबाई अमीरबीवर कडाडल्या.

खरं सांगायचं सोडून मी दाराआड सरकले. आजही त्याची लाज वाटते.

"चूक माजी हाय, बाईसाब," अमीरबी म्हणाली. "माती ओली ऱ्हायली."

सासूबाईंनी तिला नाही नाही ते सुनावलं, तालुक्यात एका घराची पायरी चढू देणार नाही म्हणाल्या. आणि तसंच केलं. अमीरबीनं गाठोडं बांधलं. दारात माझ्याजवळ क्षणभर थांबली आणि हळूच म्हणाली, "बेटी, हात पदरात घे. नखं लाल हायती."