बर्फातला नमुना

काशिनाथने टेबलावर ठेवलेल्या स्टीलच्या डब्यातून पाणी गळत होतं. आत बर्फ होता आणि बर्फात त्याच्या वीर्याची बाटली.

"शर्टाच्या आत, अंगाशी धरून आणा म्हटलं होतं ना?" मी म्हणाले.

"मॅडम, म्हशीला भरवायला डाक्टर येतो, त्याच्या कॅनमधनं गार धूर निघतो. तरी म्हस गाभण ऱ्हाते. म्हटलं, शर्टात नासलं तर?"

तर्क बिनतोड होता. फक्त त्या कॅनमधल्या वीर्यात आधी संरक्षक द्रव घातलेला असतो. काशिनाथच्या डब्यात मासळीवाल्याचा बर्फ होता.

मुरबाडकडच्या गावातून जीपने तो आमच्या शहापूरच्या लॅबमध्ये आला होता. ज्यांच्या बायकांचे गर्भ वारंवार पडतात, अशा पुरुषांच्या शुक्राणूंचं केंद्रक आम्ही तपासत होतो. केंद्रक म्हणजे शुक्राणूच्या डोक्यातलं गुणसूत्रांचं गच्च गाठोडं. काशिनाथच्या मंदाचे तीन गर्भ पडले होते. काशिनाथच्या आईने त्याच्यासाठी दुसरी मुलगी पाहूनही ठेवली होती. मला त्या मंदाची फार काळजी वाटायची.

आमच्या लॅबप्रमुख सरांनी डबा पाहिला. "टाकून द्या. डीएनए थंडीने तुटला की आधीच तुटला होता, कसं सांगणार?"

चार दिवसांनी काशिनाथने लॅबमध्येच नमुना दिला. मंदाला घेऊन, सुनेतला दोष ऐकायला आईही आली होती. स्लाइडवर रसायन घातलं की शाबूत डीएनएभोवती वलय पसरतं, चंद्राला खळं पडतं तसं. तुटलेल्याभोवती पसरत नाही. मी काशिनाथला मायक्रोस्कोपमधून दाखवलं. त्याने बराच वेळ पाहिलं.

"बहुतेकांना खळंच नाय, मॅडम."

तो वर्षानुवर्षं वीटभट्टीवर कामाला, तोंडात सदा तंबाखू. सर म्हणाले, भट्टीच्या उष्णतेने आणि तंबाखूने डीएनए तुटतो; दोन्ही सोडा, तीन महिन्यांनी परत तपासू.

बाहेर आईने विचारलं, "काय निघालं हिच्यात?"

"हिच्यात नाय, आये. माझ्यात."

मंदाने पहिल्यांदाच मान वर केली.

आई माझ्याकडे वळली. "म्हंजे दुसरी आणली असती, तर तिचंबी पडलं असतं?"

"भीती तीच होती."

म्हातारी म्हणाली, "म्हस ऱ्हायली नाय तर आमी रेडा बदलतो. सुनेच्या येळी कुनाच्या ध्यानात नाय आलं."

तीन महिन्यांनी काशिनाथ बाटली अंगाशी धरून आला. खळी वाढली होती. दुसऱ्या मुलीचं नाव घरात निघत नव्हतं. मी सूचनापत्रात 'बर्फ नको' अशी ओळ घातली. 'आधी नवऱ्याला तपासा' ही ओळ सरांनी खोडली. म्हणाले, ते सगळ्यांना ठाऊक असतं. "हो, गोठ्यात," मी म्हणाले.