पेपर मस्त गेला

बायोलॉजीचा पेपर देऊन दारव्ह्याहून आमच्या बंजारा तांड्यावर परतले, तेव्हा बाबांनी विचारलं, "कसा गेला?" मी म्हटलं, "मस्त!" बाबांनी तेवढ्यावर पेढे वाटले. मग बारावीचा निकाल लागला आणि बाकी सगळ्या विषयांत पास झालेली मी बायोलॉजीत नापास. ज्यांनी पेढे खाल्ले होते तेच सांत्वनाला आले. आमच्याकडे दोन्ही कामांना माणसं तीच लागतात.

आता फेरपरीक्षा. पास झाले तर नर्सिंगचं कॉलेज, नाहीतर मावशीनं हेरून ठेवलेलं दिग्रसचं स्थळ. मी अभ्यास करत नव्हते असं म्हणायची हिंमत कोणी करू नये. पिवळा मार्कर इतका फिरवला होता की पुस्तकाला हळद लागली होती. न रंगवलेली ओळ शोधून दाखवा, बक्षीस देते!

आणि क्लासचा तर काय थाट! सर फळा भरायचे, वळायचे, "समजलं का?" की आम्ही सगळे एका सुरात, "हो सर!" पुस्तक इंग्रजीत, सर मराठीत, आमचं घर गोरबोलीत. पण "हो सर" मात्र सगळीकडे चालायचं. चुकून कोणी "नाही" म्हटलं तर सारा वर्ग असा वळून पाहायचा, जशी काही त्याची पँट फाटली. एवढं सोसून शिकायचं कोणी?

परीक्षा तोंडावर आली होती. याडी, म्हणजे माझी आई, ओसरीवर तुरीची डाळ निवडत होती आणि मी शेजारी बसून किडनीचा धडा घडाघडा म्हणत होते. नेफ्रॉन काय, फिल्ट्रेशन काय! संपल्यावर सरांच्याच ऐटीत विचारलं, "समजलं का?"

"हो," याडी म्हणाली.

हा "हो" माझ्या ओळखीचा होता. बँकेतल्या साहेबासमोर ती असाच "हो" म्हणते आणि बाहेर आल्यावर मला विचारते, "काय म्हणे तो?" क्लासातला माझा "हो" हुबेहूब हाच होता, नुसता पुढे "सर" लावलेला.

"काय समजलं, सांग."

"मी काय सांगू? शिकून तू राह्यली का मी? आपल्या बोलीत सांग, मंग पाहू."

सांगायला लागले. रक्त किडनीत जातं, गाळलं जातं. "मंग?" घाण बाहेर पडते. "मंग?" गोष्ट ऐकल्यासारखी ती मंग-मंग करत राहिली आणि तिसऱ्या "मंग"ला माझी गाडी बंद! गाळलेलं पाणी परत रक्तात कसं येतं, हे मला येतच नव्हतं. ती ओळ पुस्तकात होती, पिवळीधम्मक. वर्षभर माझी तिच्याशी नुसती तोंडओळख होती.

मी रागानं रडले. याडीवरच खेकसले, "तुले काय करायचं हाय किडनीचं?"

"मले काहीच नाही. नर्स तुले व्हायचं हाय."

त्यानंतर बिचारीची सुटका नव्हती. डाळ संपली, तरी धडे संपेनात. अडले की तिथं पेन्सिलीनं फुली मारायची आणि दुसऱ्या दिवशी क्लासात तेवढंच विचारायचं. पहिल्यांदा "नाही समजलं, सर" म्हटलं तेव्हा सगळे वळलेच. सर म्हणाले, "कुठून नाही?" मी नेमकं सांगितलं. मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटलं, "मलेबी तिथूनच." शाबास! तू काहून मेल्यासारखा बसला होता मग इतके दिवस?

फेरपरीक्षा झाली. बाबांनी विचारलं, "कसा गेला?"

"मले एक प्रश्न आलाच नाही. एक अर्धा आला. बाकी आले."

घरात सुतक पडल्यासारखं झालं. बाबांनी पेढ्यांचं नाव काढलं नाही. मावशीनं माझ्यासमोरच दिग्रसला फोन लावला, "या पाहाले." मी मेले तिथंच. पण खोटं "मस्त" म्हणायला जीभ काही वळेना.

पाहुणे यायच्या आधी निकाल आला. पास! बाबा मोबाइल घेऊन अंगणभर नाचले आणि मावशीला कधी नव्हे तो फोन बंद करावासा वाटला. याडी मात्र गोंधळलेली.

"तूच त म्हणे, मले आलं नाही."

"अवं, काय येत नाही ते मले माहीत होतं, म्हणून त पास झाली. समजलं का?"

याडीनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"नाही," म्हणाली. "पुन्हा सांग."