टॅबवरची पडीक

जगातली कुठलीही रिकामी जागा आमच्या मामांना बघवत नाही. नेकनूरला त्यांचं शेत आहे. तिथे बांधावरसुद्धा तूर असते, आणि तुरीत जागा राहिली तर तिच्यात अंबाडी. चहा कपात काठोकाठ हवा. सांडला तरी हरकत नाही, तेवढीच बशी भरते. बीडच्या एसटीत शेजारची सीट मोकळी दिसली की खिडकीतून डोकं काढून रस्त्यावरच्या माणसांना "या की, जागा हाय!" म्हणून हाका मारतात. एकदा एक भला गृहस्थ खरंच चढला, आणि आपल्याला उलट्या दिशेला जायचं होतं हे त्याला पुढच्या थांब्यावर आठवलं. कंडक्टरनं हात जोडले, "मामा, गाडी माझी हाय का तुमची?"

अशा माणसाला लेकीनं टॅब घेऊन दिला. लेक परदेशात, नात तिकडेच जन्मलेली, आणि इकडे मामीची नजर दिवसेंदिवस अधू होत चाललेली. गेलेली नजर परत येणार नाही, आहे तोवर बघून घ्या, असं डॉक्टरांनी सांगूनच टाकलं होतं. फोनवर नातीचं तोंड सुपारीएवढं, म्हणजे मामीच्या लेखी नाहीच. म्हणून हा मोठा टॅब. मामांनी तो थाटात भिंतीला टेकवला, लेक ज्यावर बोलायची ते ॲप उघडलं, तर ते बेटं मधोमध फोनएवढंच उभं राहिलं. दोन्ही बाजूंना नुसत्या काळ्याकुट्ट पट्ट्या!

"ही पडीक कुणाची?" मामांनी मला विचारलं.

ॲप फोनच्या मापानं केलेलं आहे, टॅबवर ते असंच दिसणार, असं मी समजावलं. बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "भाच्या, पाटी सगळी आपली. मग मधी हे दोन बांध कावून?"

आणि मामा हट्टाला पेटले. टॅब आडवा केला, उभा केला, ओल्या फडक्यानं पट्ट्या पुसल्या. जमीन मोजणाऱ्या एका ओळखीच्या माणसालाही दाखवला. त्यानं हे आपल्या हद्दीत येत नाही म्हणून हात वर केले. मग बीडचा मोबाईल दुकानदार. लांबून मामांचं धोतर दिसलं की तो बिचारा शटर ओढायला लागला. मामा शटरवर थाप मारून म्हणायचे, "भ्यायलास कावून बे? भांडायला न्हाई आलो, बांध फोडायला आलोय!" शेवटी तोच कंटाळला, सेटिंगमध्ये शिरला आणि ॲप पडद्याभर पसरवण्याची कळ त्याला सापडली.

घरी येऊन मामांनी लगेच टॅबवरून लेकीला फोन लावला. बटणं भाकरीएवढी झाली होती, अक्षरं फुगून एकमेकांना टेकली होती. नातीचं तोंड या काठापासून त्या काठापर्यंत आलं खरं, पण धुरातून बघावं तसं.

"मामा, चित्र फाटलंय," मी म्हणालो. मामांचा चेहरा उतरला. इतका जीव काढून हेच हाती यावं, याचं मलाही फार वाईट वाटलं.

मामीनं मात्र टॅब मांडीवर ओढून घेतला. फाटलेलं आणि धड यांतला फरक तिच्या डोळ्यांना कधीच कळेनासा झाला होता. ती पडद्याला नाक लावून बघत राहिली, मग नातीच्या गालावर तिनं अलगद हात ठेवला. गाल बरोबर तळहातभर होता.

"एवढंच असंल न्हाई का हिचं तोंड? खरंखुरं?"

"आई, दिसायलीय का?" तिकडून लेकीनं विचारलं.

"दिसायलीय गं माय. हनवटी तुज्यावानीच हाय."

मामा उठून उगाच बाहेर जाऊन आले.

आता मामीला उजेड आणि हलणारी सावली, एवढंच दिसतं. तरी दर रविवारी टॅब तिच्या मांडीवर असतो, आणि मामा शेजारी बसून अखंड सांगत असतात, "हसली बघ. आता दात दावायलीय. आता रुसली." परवा मी तिथेच होतो. मामीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "अवं, जरा थांबा. समदं तुमीच सांगू नका. थोडं मलाबी बघू द्या."