आधी झाड, मग बिल्डिंग

माझं काम म्हणजे न झालेली गोष्ट झाल्यासारखी दाखवणं. एखादी जुनी, कळकट, प्लास्टर सोललेली बिल्डिंग नूतनीकरणानंतर कशी दिसेल, याचं चित्र मी हातानं काढायची. आधी पेन्सिल, मग शाई, मग वॉटरकलर. दुबईत तेजी होती तेव्हा ऑफिसात मला कुत्रं विचारत नव्हतं. काचेच्या खोलीत कॉम्प्युटरवाली पोरं बसायची आणि आठवड्याला एक टॉवर उठवायची. टॉवरच्या काचांत पांढरेशुभ्र ढगही दाखवायची, जे आम्ही त्या गावात वर्षातून एकदा बघत असू. मला ती 'आंटी' म्हणायची आणि माझे ब्रश बघून गालात हसायची.

मग २००८ आलं. टॉवर कागदावर राहिले, पोरं आपापल्या गावी गेली आणि काचेच्या खोलीत रिकामी खोकी रचली गेली. नवं कुणी बांधेना, तेव्हा मालक लोक आहे तेच नीटनेटकं करून घ्यायच्या गोष्टी बोलायला लागले. आमच्या साहेबांना, म्हणजे ज्यांचं ऑफिस होतं त्या पुण्याच्या आर्किटेक्टना, एकदम साक्षात्कार झाला की आंटीला ना सॉफ्टवेअर लागतं ना सर्व्हर. माझा पगार कापला, पण मी टिकले. नवऱ्याचं तसं झालं नाही. तो साईट इंजिनियर. ज्या टॉवरवर होता तो अर्ध्यात थांबला, त्याबरोबर हाही थांबला. अल कुसैसच्या आमच्या फ्लॅटमध्ये दिवसभर येरझारा घालायचा आणि माझी फोडणी कुठे चुकते ते मला सांगायचा.

अशात एके सकाळी साहेबांनी माझ्या टेबलावर एक फोटो टाकला.

"अल कुसैसची बिल्डिंग आहे. अरबाब खोर फक्कानला असतात, जुन्या वळणाचे आहेत, त्यांना हातानं काढलेलं चित्रच पाहिजे. हे काम मिळालं तर ऑफिस चालेल. नाही तर यल्ला, सगळे एअरपोर्टवर. आणि पहिल्यांदा बाल्कन्यांतला हा कचरा काढून टाक."

मी फोटो हातात घेतला. तिसऱ्या मजल्यावर दोरीला एक हिरवा परकर वाळत होता. तो माझा होता.

अरबाब म्हणजे मालक, इतकंच आम्हाला माहीत होतं. आमचं भाडं त्यांचा एजंट नेत असे. आता हे मालक बिल्डिंग रिकामी करून नव्यानं करणार होते, आणि तिचं देखणं चित्र काढायचं होतं मी. चित्र चांगलं झालं तर घर जाणार, वाईट झालं तर नोकरी. इकडे आड, तिकडे विहीर. माझ्या एका कापलेल्या पगारात दुसरं घर मिळणार नव्हतं. हे घर सुटलं की मुलीची शाळा अर्ध्यात सोडून, बिनकामाच्या नवऱ्याला घेऊन इंडियात परतायचं, हे मला लख्ख दिसत होतं. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरं झालं, तुला बिल्डिंग माहितीये. साईट व्हिजिट वाचली."

तर मी चित्र काढलं. माझा परकर पुसला, वरच्या मजल्यावरच्या काकूंचे सांडगे पुसले, एसीचे डबे पुसले. तळमजल्यावर दुकानं ठेवायची की लॉबी करायची, हे साहेबांचं ठरत नव्हतं. आमच्या धंद्यात त्याला एक उपाय असतो. जिथे काही ठरलेलं नसेल तिथे झाड काढायचं. साहेब म्हणाले, "टाक एक झाड." माझ्या मनात जो काही राग होता तो मी त्या झाडावर काढला. पान पान रंगवलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत नेलं. खाली सावली अशी पाडली की बघणाऱ्याला चटई टाकून बसावंसं वाटावं.

मीटिंगला अरबाब आले. म्हातारे, सडसडीत, स्वच्छ हिंदी बोलणारे. साहेब नव्या खिडक्यांवर बोलले, रेलिंगवर बोलले, रंगावर तर फारच बोलले. अरबाबांचं बोट झाडावरून हलेना.

"ये कौनसा पेड है?"

आता चित्रातल्या झाडाला काय जात असते? ना आंबा ना पिंपळ, नुसतं झाड. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. दुबईच्या रस्त्याकडेला जे झाड मी रोज बघत होते तेच तोंडातून गेलं. "नीम है, बाबा."

"अच्छा. बिल्डिंग तो कोई भी बना देगा," ते शांतपणे म्हणाले, "पेड को टाइम लगता है. पहले पेड लगाओ. इतना हो जाए, फिर काम चालू करेंगे. इन्शाल्ला." आणि चित्र गुंडाळून काखेत मारून निघून गेले. त्या मंदीत त्यांना नाही म्हणायचा हा सभ्य रस्ता सापडला की खरंच झाड हवं होतं, देव जाणे. जाताना त्यांनी आपल्या दोन गोदामांची अशीच चित्रं काढायला सांगितली, म्हणून साहेब रडले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात रोप आलं. अरबाबांची माणसं फुटपाथच्या कडेला, चित्रात होतं तिथेच, खणायला लागली. तेवढ्यात आमचे हे डोक्यावर हेल्मेट घालून, हातात टेप घेऊन खाली उतरले. माती बघितली, भिंतीपासून मापं घेतली, "इधर पाइप है, उधर केबल है" करत त्या माणसांना फिरवलं, आणि खड्डा चांगला आत, भिंतीजवळ खणायला लावला. मी बाल्कनीतून बघत होते. म्हटलं, जाऊ दे, बिचाऱ्याला तेवढीच साईट मिळाली.

झाड वाढलं की घरं जाणार, हे मी बिल्डिंगमध्ये सांगून टाकलं होतं, म्हणून संध्याकाळी काकूंच्या घरी भाडेकरूंची सभा बसली. काकू टिफिनचा धंदा करायच्या आणि त्यांच्याकडची कुठलीही सभा खाऊनपिऊनच संपायची. कुणीतरी म्हणालं, पाणीच घालू नका, वाळून जाऊ दे. काकू म्हणाल्या, "दारातलं झाड वाळवायचं? आणि मेलं तर अरबाब मोठंच्या मोठं आणून उभं करतील, मग?" हे कुणाला सुचलंच नव्हतं. बटाटेवडे संपेपर्यंत असं ठरलं की झाड जगलं पाहिजे, पण वाढता कामा नये. रिकामा माणूस म्हणून जबाबदारी आमच्याकडे आली.

याला काम सांगितलं की हा ते नीट करतो, हीच तर बोंब. बिल्डिंगच्या एसीचं पाणी टपटप खाली पडून वाया जायचं. यानं घराघरातून पाइप ओढून ते सगळं पाणी झाडाच्या मुळाशी नेलं. जितका उन्हाळा कडक, तितके एसी जास्त, तितकं झाडाला पाणी. आम्ही गारव्यात बसून आमचीच गच्छंती वाढवत होतो. झाड पहिल्या मजल्याला लागलं तेव्हा काकू जिन्यात अडवून म्हणाल्या, "अहो इंजिनियर, तुम्हाला झेपत नसेल तर आम्हाला द्या."

एकदा मी फार चिडले. "अरे, कुणाच्या बाजूचा आहेस तू? ते वाढलं की आपण रस्त्यावर."

तो आळं करत होता. मान वर न करता म्हणाला, "अगं, सगळ्या क्रेन उभ्या आहेत. या गावात निदान एक तरी गोष्ट वर जाऊ दे."

मला रडूच आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी मुलीवर ओरडले. ती म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ ट्री."

झाडाला आवर घालायचा एकच मार्ग उरला होता, तो आमच्या लोकांनी नकळत शोधला. गुढीपाडवा. कडुलिंब दारात म्हटल्यावर कुसैसमधली सगळी मराठी घरं डहाळ्या न्यायला यायला लागली. गुढीला एक डहाळी, चटणीला मूठभर पाला, शेजारणीला द्यायला एक, 'असू दे' म्हणून एक. पाडव्याच्या सकाळी झाडाखाली हा काठी घेऊन उभा असे. लोक नमस्कार करायचे, हालहवाल विचारायचे आणि पाठीमागून तोडायचे. दर वर्षी झाड बोडकं व्हायचं आणि दर वर्षी आधीपेक्षा दाट यायचं.

अरबाब अधूनमधून गाडीनं यायचे, समोरच्या ग्रोसरीपाशी उभे राहायचे, चित्र उलगडून एक डोळा मिटायचे. "अभी नहीं," म्हणायचे, काकूंचा चहा घ्यायचे आणि जायचे. दरम्यान क्रेन हलल्या, नवऱ्याला पुन्हा साईट मिळाली. तरी सकाळी निघताना तो आधी आळ्यात डोकावायचा, मग बस पकडायचा. मुलगी दहावीला गेली. झाड तिसऱ्या मजल्याला टेकलं.

आणि एका शुक्रवारी अरबाब आले, त्यांनी चित्र उलगडलं आणि डोळा मिटला तो उघडेचनात. सगळी बिल्डिंग बाल्कन्यांत उभी. मुलीची बोर्डाची परीक्षा तोंडावर होती.

"हो गया," अरबाब म्हणाले. "अब काम चालू करते हैं."

नवरा खाली झाडापाशीच होता. हात पुसत पुढे गेला आणि अगदी साईटवरच्या आवाजात म्हणाला, "जरूर, बाबा. लेकिन स्कॅफोल्डिंग इधर से ही खडा होगा. दुसरी तरफ जगह नहीं है. पेड काटना पडेगा."

अरबाबांनी झाडाकडे पाहिलं. मग त्याच्या फांद्यांतून दिसेल तेवढ्या बिल्डिंगकडे पाहिलं. प्लास्टर, डबे, दोऱ्या, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. ते जवळ गेले आणि त्यांनी बुंध्यावर हात ठेवला.

"पेड नहीं काटना," ते म्हणाले. "बिल्डिंग ठीक है. पीछे से थोडा पेंट मारो, खलास."

गाडी गेल्यावर हा वर आला. मी दारातच उभी होते. ते हेल्मेट, तो टेप, ती भिंतीजवळ, बरोबर स्कॅफोल्डिंगच्या जागेत घेतलेली मापं, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं होतं.

"पाइप नव्हताच तिथे," मी म्हटलं.

"नव्हता."

"इतकी वर्षं बोलणी खाल्लीस. मला तरी सांगायचंस."

"तुला सांगितलं असतं तर काकूंना कळलं असतं. काकूंना कळलं असतं तर अरबाबांना चहाबरोबरच कळलं असतं," तो म्हणाला. "आणि झाड जगेल की नाही हे मला तरी कुठे माहीत होतं? भूक लागलीये, वाढ."

मी वाढलं. फोडणीबद्दल त्या दिवशी तो काही बोलला नाही.

पुढच्या पाडव्याला पहिली डहाळी त्यानं स्वतः तोडली आणि माझ्या हातात आणून दिली. बाल्कनीत गुढी उभारताना दोरीवरचा हिरवा परकर आडवा येत होता. मी तो तसाच राहू दिला.