लेथपुढची पिवळी रेघ

त्या सकाळी रजियानंच, माझ्या बायकोनं, खाटेवरनंच मला दवाखान्यातून हाकललं. "हितं बसून काय करताय? जॉब अडलाय तिकडं." दुपारी आमच्या शेडात लेथवर धातू कातत होतो तेव्हा लेकाचा फोन आला. "अब्बा, मशीन बंद करा." पुढचं त्याला बोलावं लागलं नाही...

रजिया जाऊन चाळीस दिवस झाले. लोक म्हणतात, सोशिक बाई होती. खोटं आहे. भांडखोर होती. आणि लेथवर तिच्यासारखा हात उद्यमनगरात कुणाचा नव्हता, माझासुद्धा नाही. शिकवलं मी, पुढं गेली ती.

दोन वर्षांमागं इंजिनिअरिंगच्या चार पोरी शेडात आल्या. स्पर्धेसाठी चेंडू फेकणारा रोबोट करत होत्या. त्याचं फेकायचं चाक मोटारीच्या दांड्यावर घट्ट बसवायला ॲल्युमिनियमचा हब पाहिजे होता. नियम असा, की बाजारात मिळत नाही तो भाग पोरींनी स्वतः बनवायचा. कारागिरानं दाखवायचं, हात लावायचा नाही. रजियानं त्यांच्या ओढण्या काढून ठेवायला लावल्या, वेण्या वर बांधल्या आणि आठवडाभर लेथवर उभं केलं. "सावकाश की गं! लोणी हाय व्हय ते?" पहिला हब वाकडा निघाला. दुसरा बरा जमत आला, पण शेवटच्या कटाला पोरगी बिचकली आणि रजियाचा हात सवयीनं हँडलवर गेला... एकच कट. हब आरशासारखा झाला.

स्पर्धेला पोरींनी आम्हालाही नेलं. तपासणीच्या साहेबांनी हब फिरवून बघितला. "हा तुम्हीच केलाय?" त्यांनी पोरींना विचारलं. मी रजियाचा पदर ओढला, तरी ही पुढं.

"शेवटचा हात माझा हाय, साहेब. पोरींची चूक न्हाय."

हब काढा, नाहीतर रोबोट बाद, साहेब म्हणाले. एकीला रडूच फुटलं. "चाची, बोललासा कशाला?"

रजियानं पिशवीतनं तो पहिला, वाकडा हब काढला. काही टाकून देणं तिला माहीतच नव्हतं. "ह्यो घ्या. ह्यो सगळा तुमचाच हाय."

चाक थरथरत फिरलं, चेंडू डावीकडं जायला लागले. मग पोरींनी रोबोटच जरा उजवीकडं वळवून उभा केला. नंबर आला नाही. पण बाद झाल्या नाहीत, आणि परत येताना तो वाकडा हब चौघींनी हातोहात फिरवत आणला. मी आयुष्यात हजारो जॉब कातून दिले, माझा एकही कुणी असा मिरवला नाही.

शेडात आल्यावर हिनं पिवळा ऑइलपेंट घेतला आणि लेथपासून दोन हातांवर जमिनीवर रेघ मारली. "पोरी मशीनवर असल्या की मी ह्या रेघंच्या मागंच." तेव्हापासून पोरी आल्या की रेघेवर उभी राहायची, हात पाठीमागं बांधून, आणि तिथनं ओरडायची.

परवा पोरी आल्या. "चाचा, यंदा तुम्ही शिकवा." एकीनं कट जास्त खोल लावला. माझा हात उठला, पाय उचलला... खाली रेघ. रजियाच्या चपलांनी मध्येच झिजलेली.

थांबलो. हात पाठीमागं बांधले आणि ओरडलो, "सावकाश की गं! लोणी हाय व्हय ते?"