काकूंची कडी

आमच्या कारखान्याच्या व्यवस्थापक बाईंना सगळे नियमबाई म्हणायचे, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती! ‘मिस्त्रीशिवाय दुसऱ्याने मशीनला हात लावला, तर त्याला घरचा रस्ता’ हा नियम त्यांचाच. एका मुलीची बोटं मशीनमध्ये गेली, तेव्हा त्यांनी तो केला आणि पाटी करून भिंतीवर ठोकली. मिस्त्री म्हणजे मी. मला तो नियम फार आवडायचा.

पिशव्या बंद करणाऱ्या काकूंनी नेमका तोच मोडला. त्या मशीनच्या तापलेल्या पट्टीने बायकांची बोटं सारखी भाजायची. काकूंनी जाड तार वाकवून एक कडी केली आणि पट्टीपुढे अडकवली. पिशवी कडीने ओढायची, बोटं लांब. पण मला न विचारता! मी तणतणत बाईंकडे गेलो. त्या आल्या, काकूंच्या जागी बसल्या, भराभर पिशव्या बंद केल्या आणि स्वतःची बोटं निरखत परत गेल्या.

मालकांना कडी भलतीच आवडली. सगळ्या मशीनांना बसवा म्हणाले, आणि त्याच दमात काकूंना काढा म्हणाले. नियम म्हणजे नियम, नाहीतर उद्या जो तो मशीन उघडून बसेल. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय! काकूंचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या एकटीच्या पगारावर. माझा राग कुठल्या कुठे पळाला.

बाई मात्र हलल्या नाहीत. “कडी ठेवायची तर काकूही राहतील,” त्या म्हणाल्या. “मी नियम बोटांसाठी केला होता. बोटं वाचवणारीलाच तो घरी पाठवत असेल, तर नियम चुकलाय. माझा आहे, मीच बदलणार.”

पुढे कुणाला इजा झाली तर तुमची नोकरी जाईल, असं मालकांनी बजावलं. चालेल म्हणाल्या.

मग काकूंना आणि मला समोर बसवून त्यांनी नवा नियम केला. एकेका शब्दावरून मी भांडलो. सुचेल ते कुणीही सांगावं, मशीन बंद करून मिस्त्रीने आधी तपासावं, आणि ज्याला सुचलं त्याचंच नाव त्या वस्तूला द्यावं. जुनी पाटी बाईंनी स्वतः स्टुलावर चढून उतरवली. नव्या पाटीची पहिली ओळ होती, ‘काकूंची कडी लावल्याशिवाय मशीन सुरू करू नये.’

काकूंनी ती दोनदा वाचली. डोळे पुसून हळूच विचारलं, “म्हणजे उद्या यायचं ना, बाई?”

“वेळेवर,” नियमबाई म्हणाल्या. “तो नियम बदललेला नाही.”