पलीकडच्याचा शब्द

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, टेलिफोन कंपनीच्या यंत्रखोलीत कामाला. तिथल्या 'मक्स' नावाच्या कपाटाएवढ्या यंत्राची थोरवी त्यांनी मला हजारदा ऐकवली होती. चाळीस रंगांचा प्रकाश, प्रत्येक रंगात वेगळ्या लोकांचं बोलणं, आणि ते सगळे रंग हे यंत्र काचेच्या एकाच तारेत घालतं. दुसऱ्या शहरातलं तसंच यंत्र ते पुन्हा सुटे करतं. "गोंधळ होत नाही?" असं विचारलं की म्हणायचे, "तुम्ही दोघी बहिणी एकदम बोलता त्यापेक्षा कमीच."

दुसऱ्या टोकाच्या यंत्रावरच्या माणसाला आमच्या घरात 'पलीकडचा' म्हणत. बावीस वर्षांत दोघे चारदा भेटले असतील, पण फोनवर रोज बोलणं. ताई त्याला आपली सवत म्हणायची. तार काढण्याआधी भाऊजी त्याला विचारत, "काढू का?" तो "काढ" म्हणाला की काढत. परवानगीचे कागद मागाहून. आपण रजेवर असताना काम अडायला नको म्हणून पासवर्डसुद्धा त्याला देऊन ठेवलेला. हे नियमात बसत नाही, असं मी बजावलं होतं. पण माझं कोण ऐकतंय!

एका दुपारी यंत्रातलं एक बिघडलेलं कार्ड बदलायचं होतं. मुख्य तार काढली की सगळं बोलणं आपोआप राखीव तारेवर जातं. भाऊजींनी फोन केला.

"राखीव तार ठणठणीत आहे ना?"

"एकदम. काढ."

त्यांनी काढली. दोन्ही शहरांमधले फोन, बँका, इस्पितळं, सगळं ठप्प झालं. राखीव तार महिन्यापूर्वीच खोदकामात तुटली होती. ती दुरुस्त करून घेणं पलीकडच्याचं काम होतं.

चौकशीत तो सरळ म्हणाला, "मी थांबायला सांगितलं होतं." मग साहेबांनी यंत्रातली नोंद वाचली. तार तुटल्याचा इशारा दाबून टाकला होता, तोही भाऊजींच्या पासवर्डने. तारीख ऐकून भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवशी त्यांची आई गेली होती. पलीकडचा फोनवर हमसून रडला होता आणि म्हणाला होता, "तू निर्धास्त राहा, इकडचं मी बघतो."

गप्प राहावं तर सगळा दोष अंगावर, आणि पासवर्ड दिला म्हणावं तर नियम मोडल्याची कबुली. भाऊजींनी खरं सांगितलं. पलीकडचा टेबलाकडे बघत म्हणाला, "मला कसलाच पासवर्ड दिला नव्हता."

भाऊजींची बदली गोदामात झाली. केसाने गळा कापला मेल्याने! आजही त्याचा विषय निघाला की माझ्या अंगाची लाही होते.

आठवड्याने त्याचाच फोन. "तुझ्या जागी मला आणलंय. तुझ्याकडच्या तारांचा क्रम जरा सांगशील?" ताई फोन हिसकावायला धावली. भाऊजींनी तिला हातानेच थांबवलं आणि अर्धा तास एकेक रंग, एकेक तार नीट समजावून सांगितली. त्याने "बाकी कसा आहेस?" विचारलं, तेव्हा फोन ठेवून दिला.

"त्याला कशाला सांगितलंत?" ताई कडाडली.

"त्या तारेवर इस्पितळं आहेत. आणि यंत्राने माझं काय घोडं मारलंय?"

मग ताईला म्हणाले, "आई गेली तेव्हा तो रडला होता. ते तरी खरं होतं का गं?"